सात महिन्यांचा जॅक रसेल अंगण उकरतोय, हाक मारली तर येत नाही

पाथर्डीफाटा:
आमच्या रो-हाउसमध्ये शेंगा आहे, सात महिन्यांचा जॅक रसेल टेरियर. सासूबाईंची तुळस त्याने दोनदा मुळासकट उपटली. फाटक उघडं दिसलं की घुशीमागे सुटतो, हाक मारली तर ढिम्म. आता घरात "गावाला देऊन टाक" सुरू झालंय. मला तो द्यायचा नाही. काय करू?

मखमलाबादची मावशी:
अगं, देऊ नकोस! आमची चिंगी जॅक रसेलच, बारा वर्षं होती. टेरियर हे नावच मुळात लॅटिन 'टेरा', म्हणजे मातीवरून आलंय. डेव्हनच्या जॉन रसेल या पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात ही कुत्री वाढवली ती कोल्ह्याला बिळातून हुसकायला. उकरणं रक्तातच आहे, ओरडून जात नाही.

आम्ही विहिरीजवळ वाळूचा चौकोन केला. रोज सकाळी त्यात उकडलेल्या अंड्याचे तुकडे पुरायचे. तुळशीपाशी गेली की काही न बोलता उचलून तिकडे न्यायचं. तीन आठवडे लागले. तुळशीला जाळी लावली ती लावलीच.

हाकेसाठी दहा मीटरची दोरी घे. एकदाच हाक मार, आला की चिकनचा तुकडा दे आणि परत खेळायला सोड. मी चिंगी आली की लगेच बांधायचे, म्हणून ती यायचीच बंद झाली. आल्यावर मारायचं तर कधीच नाही. पण घूस दिसल्यावर ऐकेल, असा भरवसा मी बारा वर्षांत धरला नाही. फाटकाला कडी हवीच.

आणि हात जोडून सांगते, फेब्रुवारी-मार्चात घरोघरी द्राक्षांच्या पेट्या येतात, त्या उंच ठेव. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले की बाधतील याचा नेम नाही. चिंगीने बागेत पडलेले मणी खाल्ले, रात्री उलट्या, मग पाच दिवस सलाईन. वाचली माझी पोर. खाल्लेलं कळलं तर उलटीची वाट बघू नकोस, तडक डॉक्टरकडे ने.

सिडकोकर:
घूस म्हटली की लेप्टोची (उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराची) लस दरवर्षी हवी. शेजारी कुणी उंदराचं औषध टाकलंय का, तेही विचारा. औषध खाल्लेली घूस त्याने खाल्ली तर त्यालाही बाधू शकतं.

पाथर्डीफाटा:
लेप्टोची राहिलीय, उद्याच नेते. वाळूला सासरे तयार झालेत. मावशी, सासूबाई त्याला प्रसादाचा शिरा भरवतात, त्यात बेदाणे असतात...

मखमलाबादची मावशी:
आजपासून बंद. त्याच्या वाटचा बिनबेदाण्याचाही नको, साखर कशाला? गाजराचा तुकडा द्या म्हणावं, भरवल्याचं समाधान तेवढंच.