डिस्क भंगारात घातल्या म्हणून सुटलात?

जुनी पंचवटी

परवा इथे 'अंबड लिंक रोड' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांचं वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: घरातल्या दोन पोती व्हीसीडी-डीव्हीडी भंगारवाल्याला किलोवर दिल्या, कपाट रिकामं झालं, आता सगळं मोबाइलवर आहे, आणि ज्यांच्या घरात अजून डिस्क आहेत ते नुसते आठवणी कवटाळून बसलेत. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्यात. माझं उत्तर तिथे मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

'सगळं मोबाइलवर आहे' हे तुमच्यापैकी किती जणांनी तपासून पाहिलंय? मी तीन रविवार घालवले. कपाटातल्या मराठी डिस्क वेगळ्या काढल्या आणि एकेक नाव घेऊन शोधत बसलो. निम्म्यासुद्धा सापडल्या नाहीत. हिंदीतले गाजलेले चित्रपट सापडतात, त्यांची काळजी घ्यायला पैसेवाले आहेत. सापडत नाहीत ती नाटकं, बालनाट्यं, कथाकथनं, दोन आठवडे चालून उतरलेले मराठी चित्रपट. कारण साधं आहे. त्या वेळी हक्क घेतले गेले ते डिस्कपुरते. ज्यांनी डिस्क काढल्या त्यांतल्या अनेकांनी दुकान बंद केलं. आता नव्याने करार करायचा तर कोणाशी करणार? आणि त्यातून चार पैसे सुटणार नसतील तर करील कोण?

दुसरं, 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबून तुम्ही जे घेता ते तुमचं होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं होतं की त्यांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यातून काढले जातील. आरडाओरड झाली, नवा करार झाला, ते टळलं. पण टळलं ते कंपन्यांचं आपसात जमलं म्हणून, ग्राहकाचा हक्क होता म्हणून नव्हे. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झालाय की ग्राहकाला नुसता परवाना मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही.

आणि हे आपण नाशिककरांनी विसरावं? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, १९१८ नंतर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचं काम याच गावात चाललं, १९४४ साली ते गेलेही इथेच. 'राजा हरिश्चंद्र'ची आज हाती असलेली रिळं १९१३ च्या मूळ चित्रपटाची की त्यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावरच अभ्यासक भांडतात. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक बांधून चित्रपट परत येत नाहीत.

अंबड लिंक रोड

माझं नाव घेऊन धागा काढलात तेव्हा उत्तर देणं भाग आहे. 'कवटाळून' हा शब्द मी मागे घेत नाही.

माझे वडील अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला एकतीस वर्षं होते. त्या आवाजाने कान गेले. तुमच्या त्या व्हीसीडीत चित्रावरच छापलेली अक्षरं असतील तेवढीच, वेगळी सबटायटल चालू करायची सोयच नव्हती. डीव्हीडीत सोय होती, पण मी घेतलेल्या मराठी डीव्हीडींपैकी कितींवर कामाची सबटायटल होती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वडील टीव्हीसमोर बसायचे, आम्ही हसलो की आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे. गेल्या दिवाळीत स्ट्रीमिंगवर सबटायटल लावून बघताना पहिल्यांदा ते आमच्या आधी हसले, कारण वाक्य बोलून व्हायच्या आत त्यांनी ते वाचलं होतं. त्या कपाटाने वीस वर्षांत माझ्या वडिलांना हे दिलं नाही. मग मी ते कपाट का जपायचं?

फाळक्यांचं उदाहरण तर तुमच्याच अंगावर येतं. ती रिळं वस्तूच होती ना? हातात धरता येणारी? जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्याला एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेच्या आवारात आग लागली आणि जुन्या फिल्म जळून गेल्या. वस्तू होत्या म्हणूनच जळल्या.

जुनी पंचवटी

जळल्या, कारण प्रती मोजक्या होत्या आणि एकाच जागी होत्या. 'आलम आरा' १९३१ चा, भारताचा पहिला बोलपट, त्याची आज एकही प्रत कुणाकडे असल्याचं माहीत नाही. तो घराघरात हजारो प्रतींनी पोहोचला असता तर एखाद्या माळ्यावर तरी राहिला असता. तुम्ही ज्याला अडगळ म्हणता त्याला मी विखुरलेलं संग्रहालय म्हणतो.

वडिलांबद्दल जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तेवढं मान्य.

निळा किरण

दोघंही दर्जाबद्दल बोलतच नाही आहात. ४के म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राच्या ब्लू-रे डिस्कवर १०० जीबीपर्यंत जागा असते आणि माहितीचा प्रवाह सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत (एमबीपीएस) जातो. नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएसचं नेट पुरे म्हणतं. दोन्हींना '४के' एकच नाव, म्हणून लोकांना वाटतं एकच माल आहे. रात्रीचा प्रसंग लावून बघा, काळ्या रंगात चौकोन चौकोन दिसतात. आवाजाचंही तेच, दाबून दाबून पाठवलेला असतो.

माझं दुखणं वेगळंच आहे. डिस्क आहेत, लावायच्या कशावर? सॅमसंगने २०१९ ला ब्लू-रे प्लेअर बंद केले, एलजीने २०२४ ला. माझ्या प्लेअरची लेन्स गेली. महात्मा गांधी रोडवर चार दुकानं फिरलो. एकाने सांगितलं, पार्ट येत नाही, आला तर नव्याच्या किमतीत पडेल.

इगतपुरीचा पाऊस

प्लेअरच्या लेन्सवर रडणाऱ्यांनी थोडं घाटाकडेही बघावं. आमच्याकडे डिस्कचं दुकान कधी नव्हतंच. चित्रपट हवा तर एसटीने नाशिकला यायचं, सीबीएस बसस्थानकावर उतरून मेन रोडपर्यंत चालायचं, आणि घरी येऊन लावावं तर दुसरी डिस्क अडकते. परत द्यायला पुन्हा एसटी. पावसाळ्यात तर डिस्कवर बुरशी यायची, पांढरी जाळी. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गावात पहिल्यांदा बायकांना आपल्या वेळेला, आपल्या आवडीचं बघता यायला लागलं. दुपारी दोन ते चार. तोवर घरात काय लागणार हे पुरुष ठरवायचे. ही गोष्ट तुमच्या संग्रहात कुठे बसते?

सिडकोचा लायब्ररीवाला

ताई, तुमचं बरोबर आहे, पण दोष डिस्कचा नाही. मी सिडकोत १९९८ ला कॅसेट लायब्ररी टाकली. अडीचशे डिपॉझिट, दहा रुपये रोज. मग व्हीसीडी आल्या. एका डिस्कवर सव्वा तास मावायचा, म्हणून हिंदी चित्रपटाला दोन नाहीतर तीन डिस्क. गिऱ्हाईक दुसरी डिस्क घरी विसरून यायचं, पुढच्या माणसाशी माझं भांडण.

इथे सगळे म्हणतात स्ट्रीमिंगने डिस्क मारल्या. माझ्या डोळ्यांदेखत झालं ते सांगतो. मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. पंधरा रुपये भाड्याने कोण नेणार मग? लायब्ऱ्या तिथेच बसल्या. त्या भावाबद्दल माझा राग नाही, लोकांचा फायदाच झाला. माझा राग चोरट्या सीडी विकणाऱ्यांवर आहे. शुक्रवारी चित्रपट लागला की शनिवारी फूटपाथवर, एका डिस्कवर पाच चित्रपट, चाळीस रुपये. त्यानंतर पेनड्राइव्ह. मोबाइलच्या दुकानात वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून द्यायचे. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ ला आलं. माझं शटर २०११ लाच खाली आलं होतं. मेलेल्याला मारल्याचा आळ कोणावर घालताय?

तिसरी घंटा

मूळ पोस्टमध्ये नाटकांच्या डिस्कचा मोठा कळवळा आहे. मी पंचवीस वर्षं नाटकाची प्रकाशयोजना करतो, म्हणून बोलतो. त्या डिस्कनी नाटक वाचवलं नाही. त्यांनी आमचे प्रयोग पाडले. गावोगाव ठेकेदार सांगायला लागले, 'याची सीडी आलीय, लोक येणार नाहीत.' दोन कॅमेरे लावून एका दुपारी, रिकाम्या नाट्यगृहात उरकलेलं शूटिंग. प्रकाश कॅमेऱ्याला पुरत नाही म्हणून सगळं पांढरंफटक करायचं. मंद निळ्या उजेडात महिनाभर बसवलेला प्रवेश ट्यूबलाइटखाली उभा केल्यासारखा दिसायचा. त्याला तुम्ही संग्रह म्हणता? ते नाटकाचं प्रेत आहे. गेलं तर बरंच झालं.

जुनी पंचवटी

प्रेत? कुसुमाग्रजांच्या गावात, वसंत कानेटकरांनी जिथल्या एचपीटी कॉलेजात शिकवलं त्या गावात हे वाक्य वाचावं लागतंय. ज्या नटांना मी रंगमंचावर बघू शकलो नाही, ते मला त्या 'प्रेता'तच भेटले. माझी आई अर्धांगवायूने सहा वर्षं अंथरुणात होती. तिला मी कालिदास नाट्यगृहात कसं नेणार होतो? ती नाटकं तिने तोंडपाठ होईपर्यंत बघितली. नटाच्या आधी वाक्य म्हणायची. तुमच्या निळ्या उजेडासाठी तिने काहीच बघायचं नव्हतं का?

तिसरी घंटा

आईंचा विषय काढून तोंड बंद करू नका. मी प्रेक्षकाला दोष दिलेला नाही. मोबदल्याचं बोला. चित्रीकरणाच्या दिवशी एका प्रयोगाची नाइट, म्हणजे मानधन, हातात पडली, मला आणि बॅकस्टेजच्या पोरांनाही. त्या डिस्क दहा वर्षं विकल्या गेल्या, कोणाला एक रुपया पुढे मिळाला नाही. तुम्ही 'हक्क कोणाकडे, करार कोणाशी' म्हणता, त्या हक्कांत आम्ही कधी होतोच कुठे?

अंबड लिंक रोड

हेच मी म्हणत होतो. डिस्कच्या काळात सगळं गोड होतं असं चित्र उभं करायचं आणि—

तिसरी घंटा

तुमच्या बाजूने बोललेलो नाही, मध्ये घुसू नका. आज ऑनलाइन नाटक विकतात तिथेही आमची तीच रडकथा आहे. आणि तुम्ही दोन पोती भंगारात घातलीत, त्यात नाटकं होती का?

अंबड लिंक रोड

असतील सात-आठ. बघितलं नाही.

तिसरी घंटा

बघितलं नाही! किलोने घालताना नाव तरी वाचायचं होतं.

इगतपुरीचा पाऊस

दादा, आत्ताच तर 'गेलं तर बरंच झालं' म्हणालात.

तिसरी घंटा

म्हणालो. माझ्या कामाला मी वाटेल ते म्हणेन. दुसऱ्याने न बघता फेकावं हे मला चालत नाही.

निळा किरण

प्लेअरचं कोणी सांगणार आहे का? नाशिक रोड, देवळाली, कुठेही चालेल.

सिडकोचा लायब्ररीवाला

लेन्स गेली म्हणजे बहुतेक वेळा धूळ असते. आधी उघडून साफ करा, मग पार्ट शोधा. साधा डीव्हीडी प्लेअर माझ्याकडे दोन पडलेत, पण त्यावर ब्लू-रे लागणार नाही. बुरशीवर उपाय: साबणाचं पाणी, मऊ सुती कापड, आणि पुसायचं मधून बाहेर सरळ. गोल गोल पुसलं की चर पडते आणि ती कायमची.

अंबड लिंक रोड

पंचवटीकर, एक कबूल करतो. तुम्ही लिहिलेलं वाचून मी वडिलांना विचारलं, एखादं जुनं नाटक लावू का. त्यांनी नाव सांगितलं, ते त्यांनी कान शाबूत असताना बघितलेलं. मला कुठेच मिळालं नाही. कदाचित त्या पोत्यात होतं. पण मिळालं असतं तरी सबटायटल नसतीच, त्यामुळे माझा मुद्दा तिथेच आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी तुमचं संग्रहालय बंदच आहे.

जुनी पंचवटी

नाव व्यक्तिगत निरोपात कळवा. माझ्याकडे असेल तर संवाद ऐकून मी स्वतः लिहून काढीन, तुम्ही बाजूला कागद धरून त्यांना दाखवा. स्ट्रीमिंगवाल्यांनी मराठी नाटकासाठी तेवढं केलं तर मीही माझं म्हणणं मागे घेईन. तोवर नाही.

तिसरी घंटा

तुमच्या डिस्कमध्ये २००४ च्या सुमाराचं काही आहे का? दोन अंकी, वाड्याचा सेट, मागे जिना, डाव्या अंगाला उंचावर खिडकी. त्या खिडकीतून येणारा उजेड माझ्या गुरूंनी बांधला होता, मी त्यांच्या हाताखाली होतो. ते गेल्याला नऊ वर्षं झाली. त्या कामाचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही.

जुनी पंचवटी

जिना आणि खिडकी असलेलं एक आहे. आईचं आवडतं. दुसरी डिस्क चाळिसाव्या मिनिटाला अडकते, रिमोटने पुढे ढकलावी लागते.

तिसरी घंटा

चाळिसाव्याला? खिडकीचा प्रवेश त्याच्या आधी येतो की नंतर?