ऑइल बदलल्यापासून शाफ्ट ड्राइव्हचं मागचं गिअर केस चटका बसेल इतकं तापतंय

घोडबंदर_ट्विन
1200 सीसी बाइक, शाफ्टवाली (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालतं), सिंगल साइड स्विंगआर्म (मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं). मागच्या गिअर केसचं ऑइल नुकतंच बदलून घेतलं. मॅन्युअलमध्ये 180 मिली दिलंय, पण गॅरेजमध्ये भोकातून बाहेर येईपर्यंत भरलं, म्हणजे 240-250 तरी गेलं असावं. ग्रेड बरोबर आहे, 75डब्ल्यू-90 जीएल-5. तेव्हापासून ठाणे-शिळफाटा-पनवेल करून जुन्या हायवेने खोपोलीपर्यंत गेलं की केसवर हात टेकवत नाही. चाकाच्या बाजूच्या सीलखाली (तेल अडवणारं रबरी कडं) तेलाची ओल दिसते. आवाज काही नाही. एकाने सल्ला दिला की आपल्याकडच्या उन्हात 140 नंबरचं जाड तेलच घाला. घालू का? की बेअरिंग गेलंय?

पिनियन_पनवेल
140 अजिबात घालू नका. बाकीचं नंतर, आधी हे.

या केसमध्ये तेल उपसायला पंप नसतो. क्राउन व्हीलचा (मागचं चाक फिरवणारं मोठं दातेरी चक्र) खालचा भाग तेलात बुडालेला असतो आणि तोच फिरता फिरता तेल वर उडवतो. तेल जितकं जाड आणि जितकं जास्त, तितकं ते घुसळण्यात ताकद जाते, आणि ती सगळी उष्णताच होते. 100 अंशांना 90 ग्रेडचा दाटपणा 13.5 ते 18.5 सेंटीस्टोक्स असतो, 140 चा 24 च्या पुढे. म्हणजे तापलेल्या केसमध्ये तुम्ही आणखी तापवणारी वस्तू घालणार.

मुळात थोडं तापणं ठरलेलंच आहे. 80 च्या वेगाला गाडीला साधारण 8-10 किलोवॅट लागतात, क्राउन आणि पिनियन (शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चक्र) यांच्या दातांत त्यातले 3-4 टक्के घर्षणात जातात. म्हणजे नारळाएवढ्या डब्यात 100 वॉटचे तीन जुने बल्ब सतत पेटलेले. हवेपेक्षा 30-40 अंश जास्त तापमान दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

तुमच्या केसमध्ये त्यावर जादा तेलाची भर पडली आहे. सील ओलं होण्याचं कारणही तेच. केस 30 वरून 90 अंशांवर गेलं की बंद हवेचा दाब सुमारे पाचव्या हिश्शाने वाढतो, वर तेल स्वतः फुगतं. हवेला जागा कमी ठेवली की दाब आणखी चढतो आणि तेल सीलच्या ओठातून वाट काढतं. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र) असलेल्या मॉडेलमध्ये तो चिखलाने बुजला तरी हेच होतं, आणि पावसाळ्यानंतर तो हमखास बुजलेला सापडतो.

तर पहिलं काम, तेल काढून मापून भरा. दहा-बारा किलोमीटर चालवून केस कोमट करा. आधी फिलरचा (तेल भरायचा) बोल्ट सोडवा, मग ड्रेनचा (तेल काढायचा). फिलर जाम निघाला आणि तेल आधीच सांडून बसलात तर गाडी जागेवरच अडकते. तेल मापाच्या भांड्यात घ्या, किती निघालं ते लिहून ठेवा. नवीन वॉशर लावा. केमिस्टकडे 60 मिलीची सिरिंज मिळते, तिने तीनदा भरून 180. बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसतात, साधारण 20-25 न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पाना वापरा.

डिस्क_ते_डिफ
पिनियन_पनवेल यांचं सगळं मान्य, पण तेलाला हात लावण्याआधी एक गोष्ट बघा. उष्णता केसमधलीच आहे का? मागची डिस्क केसला लागूनच असते. कॅलिपरच्या पिना सुकल्या किंवा पिस्टन मागे सरकला नाही की पॅड घासत राहतात आणि डिस्कची धग हबमधून केसमध्ये उतरते. घोडबंदरच्या जॅममध्ये केस तापत असेल तर संशय ब्रेकवर घ्या, कारण रांगत्या गाडीत गिअरवर भारच नसतो. मोकळ्या हायवेवर तापत असेल तर गिअर, तेल, बेअरिंग.

मोजायचं असेल तर पाम बीच रोड चांगला. वाशी ते बेलापूर एकसारख्या 60 ने जा, शेवटचे दोन किलोमीटर मागचा ब्रेक न लावता पुढच्याने थांबा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर फार कमी आकडा दाखवतो, म्हणून आधी काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवून त्यावर नेम धरा: पिनियनचं नाक (शाफ्ट केसमध्ये शिरतो ती बाजू), चाकाजवळचं मोठं बेअरिंग, केसचं पोट. डिस्क वेगळी मोजा.

सगळं केस सारखं तापलं तर तेल. एकच जागा 15-20 अंशांनी पुढे असेल तर तिथलं बेअरिंग. नाकच गरम असेल तर रबर बूट मागे सारून शाफ्टचे स्प्लाइन (टोकाचे खाचेदार दाते) बघा. सुकून तांबूस भुकटी पडली असेल तर साफ करून कंपनीने सांगितलेलं ग्रीस लावा, बहुतेकदा मोलिब्डेनमवालं असतं.

घोडबंदर_ट्विन
मोजलं. डिस्क केसपेक्षा थंड, तिन्ही जागा एकमेकींच्या 5 अंशांत. तेल निघालं 235 मिली, रंग गडद, दुधाळ नाही. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी लेप आहे. हा लेप काळजीचा आहे का?

पिनियन_पनवेल
बोटांत चोळून बघा. लोण्यासारखा मऊ, कण न लागणारा असेल तर नेहमीची झीज आहे. पुसून परत लावा. नखात अडकणारी चकती किंवा सुईसारखा तुकडा असेल तर 180 भरूनही उपयोग नाही, केस उघडावं लागेल.

आता चाक सेंटर स्टँडवर घड्याळाच्या 12-6 आणि 9-3 च्या जागी धरून हलवा. दोन्हीकडे खडखड असेल तर मोठं बेअरिंग ढिलं. ते बदलायची वेळ आलीच तर शतांश मिलिमीटरमध्ये शिम (पातळ चकत्या) मोजून प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला ताण) लावणाऱ्याकडेच द्या. शिम अंदाजाने टाकली तर नवं बेअरिंग घट्ट बसतं आणि केस आतापेक्षा जास्त तापतं.

सील लगेच बदलू नका. ओल पुसा, 180 वर 500 किलोमीटर चालवा. नायट्राइल सील 100 अंशांच्या पुढे रोज गेलं तर कडक होतं, तुमचं अजून तिथवर पोचलेलं दिसत नाही. ओल परत आली तर सील. आणि शिळफाट्याला पाणी साचलेलं असेल तेव्हा तापल्या केससकट त्यात घुसू नका. केस एकदम थंड झालं की आतली हवा आक्रसते आणि ओल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तसं झालंच तर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता तेल काढून बघा.