हातचं राखून खेळतात का? एनएचएलचा हंगाम जवळून पाहिलेल्यांचे अनुभव

एप्रिल उजाडला की आइस हॉकीवाल्या घरांत हा वाद ठरलेला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या लीगच्या नियमित हंगामातले ऐंशीहून जास्त सामने खेळाडू हातचं राखून खेळतात आणि खरा जोर प्लेऑफसाठी, म्हणजे त्यानंतरच्या बाद फेऱ्यांसाठी ठेवतात, असं माझ्या नवऱ्याचं ठाम मत. मला ते पटत नाही. पण ३२ पैकी १६ संघ पुढे जाणार आणि मग सातपैकी चार सामने जिंकायचे अशा चार फेऱ्या, म्हणजे चषकासाठी आणखी १६ विजय. एवढं पुढे वाढून ठेवलेलं असताना कोणी दम राखला तर नवल नाही. रिंकवर, बाकाजवळ किंवा स्टँडमध्ये तुम्हाला प्रत्यक्ष काय दिसलं, ते लिहा.
– टोरंटो

ताई, माझा मुलगा इथल्या रिंकवरच वाढला. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरल्यापासून बदली होईपर्यंतची पाळी, साधारण ४५ सेकंदांची. तेवढ्यात जीव तोडून पळायचं, धापा टाकत बाकावर यायचं, बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचं आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा बर्फावर. कोच मुलांना पहिल्यापासून सांगतात, दमलास तर लवकर बाहेर ये, पण आत असताना पाय ढिले सोडू नकोस. समोर ताज्या पायांचा गडी आलेला असतो, तो दोन ढांगांत पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, घेऊन जातो. त्यामुळे वेगात चोरी करायला जागाच नाही.

राखलं जातं ते अंग. जानेवारीतल्या एखाद्या सामन्यात तीन गोलांची आघाडी असेल, तर निळ्या रेषेवरून सुटलेल्या फटक्यासमोर सगळेच काही आडवे पडत नाहीत. २०२२ ला डॅलसविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेलेल्या प्लेऑफ मालिकेत मी सॅडलडोमला, आमच्या स्टेडियमवर होतो. तिथे तीच माणसं घोटा, बरगडी, जे असेल ते पकच्या वाटेत घालत होती. भिंतीवरच्या धडकांचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येत होता. माझ्या मते फरक इथे आहे, पळण्यात नाही.
– कॅलगरी

मी हिशेबाच्या क्षेत्रातला, म्हणून एकच मुद्दा. खेळाडूंचा पगार नियमित हंगामाचाच असतो. प्लेऑफला वेगळा पगार नाही, लीगच्या निधीतून संघांना बक्षिसाची रक्कम मिळते. चौथ्या फळीतल्या, करार संपत आलेल्या पोराला नोव्हेंबरमध्ये अंग चोरून चालेल का? त्याची जागा घ्यायला खालच्या लीगमध्ये रांग लागलेली असते. राखायची चैन फार तर मोठ्या नावांना.
– मिसिसागा

मोठी नावंही राखत नाहीत, हे आम्ही भोगलंय. २०२२-२३ ला आमच्या ब्रुइन्स संघाचे ६५ विजय आणि १३५ गुण, दोन्ही विक्रम. अव्वल स्थान केव्हाच पक्कं झालेलं. तरी नियमित हंगामाच्या शेवटच्या, माँट्रियलविरुद्धच्या सामन्यात आमचा कप्तान बर्जेरॉन उतरला, तिथे दुखापत झाली आणि प्लेऑफमधले फ्लोरिडाविरुद्धचे पहिले चार सामने हुकले. आम्ही ३-१ ने पुढे होतो. सातव्या सामन्याला मी गार्डनमध्ये, आमच्या स्टेडियमवर होते. ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, फ्लोरिडाचा गोल होऊन आम्ही हरलो तेव्हा शेजारचे आजोबा कितीतरी वेळ खुर्चीवरून उठलेच नाहीत. कप्तानाला त्या शेवटच्या सामन्यात बसवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.
– बॉस्टन

ताज्या पायांचा परिणाम बघायचा तर आमच्या टॅम्पा संघाचा कुचेरोव्ह. कंबरेच्या शस्त्रक्रियेमुळे २०२०-२१ चा अख्खा नियमित हंगाम बाहेर, आणि प्लेऑफमध्ये ३२ गुण (स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून), सगळ्यांत जास्त. चषकही आम्हीच जिंकला. जखमी खेळाडूचा पगार संघाच्या पगारमर्यादेतून वगळायची सवलत आम्ही वापरली, म्हणून लोकांनी खूप टीका केली. ती विश्रांती हौसेची नव्हती, हे खरं, पण एवढ्या सामन्यांनी शरीर किती झिजतं याचा अंदाज मला तेव्हा आला.
– टॅम्पा

कॅलगरीकरांचं अंग राखण्याबद्दलचं म्हणणं मला पटलं. गोलकीपरबद्दल कोणी लिहा ना, तो तर बदली घेऊन बाकावरही येत नाही.
– टोरंटो

मुलगी गोलकीपर आहे, म्हणून मी लिहिते. खरी राखण होते ती इथेच, आणि तीही कोचच्या हातून. लागोपाठ दोन रात्री सामने असले की बहुतेक वेळा एका रात्री राखीव गोलकीपर उभा राहतो. नियमित हंगामात बरोबरी झाली तर तीन विरुद्ध तीन अशी पाच मिनिटं, मग शूटआउट (एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरवर गोलचा प्रयत्न करायचा), की सुटका. प्लेऑफमध्ये मात्र गोल होईपर्यंत २०-२० मिनिटांचे डाव. २०२५ च्या प्लेऑफमध्ये सेंट लुईसविरुद्ध सातही सामने आमचा गोलकीपर हेलेबकनेच सुरू केले. सातव्यात आम्ही शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी साधली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकलो. शेवटी शेवटी दोन्ही संघांचे खेळाडू बाकाच्या कठड्याला धरून आत येत होते. मुलगी मात्र हेलेबकच्या गुडघ्यांकडेच बघत होती, खाली बसून उठायला त्याला किती वेळ लागतोय ते. पुढच्या फेरीत डॅलसने आम्हाला सहा सामन्यांत हरवलं. ते दमल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, डॅलस चांगलं खेळलं. पण मार्चमध्ये हेलेबकला आणखी थोडी विश्रांती द्यायला हवी होती.
– विनिपेग