हवाईत महामंदीच्या काळातली बांधकामं बघायचीत, कुठून सुरुवात करू?

ठाण्याची_मृण्मयी:
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन हवाईला जातेय, ओआहू बेटावर (होनोलुलू तिथेच) जास्त मुक्काम आणि थोडे दिवस माउई बेटावर. बीच वगैरे बघूच, पण मला जुन्या इमारतींचं वेड आहे. आला मोआना पार्कमधल्या पुलाचा फोटो बघितला आणि मरीन ड्राइव्हच आठवला, तोच काळ आणि तीच आर्ट डेकोची ठेवण! हे म्हणे १९३० च्या मंदीत बेकारांना काम द्यायला बांधलं. असं अजून काय काय आहे तिकडे? आणि ही कामं केली कोणी, तिथल्याच लोकांनी की मेनलँडवरून, म्हणजे मुख्य अमेरिकेतून माणसं आणली? बाबांचे गुडघे दुखतात, ते धरून सांगा प्लीज.

होनोलुलूकर:
मृण्मयी, अगदी बरोबर जागा धरलीयस. आला मोआनाला सकाळी लवकर जा. आज तिथे हिरवळ आणि वडाची झाडं दिसतात पण आधी ती दलदल होती आणि शहराचा कचरा तिथे टाकायचे, मग प्रवाळाचा भराव घालून जमीन केली आणि केंद्राच्या मदतीच्या पैशातून बेकारांच्या हातांनी पार्क उभं राहिलं. १९३४ च्या जुलैत प्रेसिडेंट रूझवेल्ट आले तेव्हा उद्घाटन झालं, पदावर असताना हवाईला आलेले ते पहिलेच प्रेसिडेंट. किनाऱ्याला लागून आज लोक पोहतात ना, तिथे तेव्हा बोटींसाठी खणलेला चॅनल होता, वाळू १९५० च्या दशकात आणून टाकली.

आर्किटेक्ट हॅरी सिम्स बेंट. हा माणूस आधी होनोलुलूच्या आर्ट म्युझियमच्या बांधकामासाठी इथे आला होता, पुढे शहराच्या पार्क बोर्डाचं काम करायला लागला. मला त्याचं सगळ्यात आवडतं काम मात्र मदर वॉल्ड्रन प्लेग्राउंड, होनोलुलूच्या काकाआको भागात, १९३७ चं. तेव्हा ती कामगारांची दाटीवाटीची वस्ती होती. मार्गारेट वॉल्ड्रन नावाच्या तिथल्या शाळेच्या शिक्षिका, वस्तीतल्या पोरांसाठी त्यांनी आयुष्य घातलं, त्यांचंच नाव मैदानाला दिलं. कुंपणाची भिंत नीट बघ, ती सरळ न जाता नागमोडी वळणं घेते आणि वळणावळणात बसायची बाकं भिंतीतच बांधलेली आहेत, म्हणजे कुंपण आणि बसायची जागा एकाच कामात झाली. गरीब वस्तीतल्या मुलांच्या मैदानासाठी इतका विचार केला याचंच मला फार कौतुक वाटतं. आता चहूबाजूंनी टॉवर झालेत. रेल्वेमार्ग या मैदानाजवळून नेण्यावरून कोर्टात केस झाली, २०१२ मध्ये कोर्टाने सांगितलं की मैदानावर काय परिणाम होईल ते पुन्हा तपासा.

वेळ उरला तर आला मोआना बुलेवार्डवरचं १९३४ चं इमिग्रेशन स्टेशनही बघ, डिकी नावाच्या आर्किटेक्टचं. त्याची दुहेरी उताराची, लांब पागोळ्यांची छपरं इथल्या पावसाला आणि वाऱ्याला इतकी जमली की लोक त्याला डिकी छप्परच म्हणतात.

डोंगरवाट:
माउईला जाताय तर हालेआकाला हा ज्वालामुखीचा डोंगर सोडू नका. विवराच्या आत होलुआ, कापालाओआ आणि पालिकू अशा तीन लाकडी केबिन आहेत, १९३७ मध्ये सीसीसीच्या पोरांनी बांधलेल्या. सीसीसी म्हणजे बेकार तरुणांना जंगल आणि पार्कच्या कामाला लावणारी रूझवेल्टची योजना. आत गाडीरस्ता नाही, आजही नाही, सामान खेचरांवरून न्यावं लागायचं. मी पालिकूला राहिलोय, माथ्यावरून साधारण १५ किमी चालत. वीज नाही, बारा जणांचे बंक आणि लाकडं घालायची शेगडी, रात्री बाहेर गोठवणारी थंडी आणि आत शेगडीची धग. इतक्या वर्षांनीही लोक त्यात राहतात, बुकिंग मिळवायला धावपळ करतात!

निवृत्त_उपअभियंता:
मृण्मयीताई, विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. ७२ च्या दुष्काळात मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पाझर तलाव, नाला बांध, रस्त्याची खडी, हीच कामं. रोजगार हमीत ६० टक्के पैसा मजुरीवर जायला हवा असा दंडक, त्यामुळे मातीकामच जास्त, सिमेंट आणि घडीव दगडाला पैसा कुठून उरणार. लोक जगले हे खरं, ते लहान काम नाही, पण काही ठिकाणी पुढच्या पावसात रस्ता वाहून जायचा ते बघून जीव तुटायचा. होनोलुलूकर, तिथे आर्किटेक्ट नेमून पक्कं काम झालं याचं मोल मला फार वाटतं. पण त्या बेटांवर बेकारी आली कुठून? तिथे तर ऊस, अननस.

होनोलुलूकर:
काका, अननसानेच घात केला. डबाबंद अननस म्हणजे मेनलँडच्या लोकांची चैनीची वस्तू, मंदीत तीच आधी बंद झाली, १९३२ ला धंदा कोसळला. साखर त्या मानाने तगली. मळ्यांवर बरेचसे जपानी आणि फिलिपिनो मजूर होते, काम गेलेले कितीतरी फिलिपिनो मायदेशी परतले. मृण्मयी, सीसीसीची पोरं इथलीच होती, स्थानिक. काउई बेटावर कोकेएला त्यांचा १९३५ चा कॅम्प अजून उभा आहे, अंगणाभोवती लाकडी बराकी. १९९२ च्या इनिकी वादळाने त्या बेटाचं प्रचंड नुकसान केलं, तरी लोकांनी तो कॅम्प दुरुस्त करून जपलाय.

ठाण्याची_मृण्मयी:
काय माहिती दिलीत सगळ्यांनी! मदर वॉल्ड्रन नक्की. केबिन बाबांना जमणार नाही, हालेआकालावर गाडीने जाऊन काही दिसेल का?

डोंगरवाट:
दिसेल की. माथ्याच्या थोडं खाली १९३६ ची दगडी इमारत आहे, तेच आजचं व्हिजिटर सेंटर. गाडी दाराशी जाते आणि खिडकीतून थेट विवर दिसतं. फक्त सूर्योदयाला जाणार असाल तर गाडीचं बुकिंग आधी करावं लागतं, आणि आईबाबांना स्वेटर, कानटोपी दोन्ही द्या, उंची जवळजवळ ३००० मीटर आहे.