बंद ट्रेलर घ्यायचाय: लोखंडी पत्रा की अ‍ॅल्युमिनियम?

नमस्कार. फोंड्यातल्या आमच्या नाट्यमंडळाचे पडदे, लाइट, स्पीकर जत्रांच्या हंगामात न्यायला बंद ट्रेलर बघतोय. एरवी सामान त्यातच राहील, म्हणजे पावसाचे चार महिने तो अंगणात उभाच. ओढायला बोलेरो आहे, हूक अजून बसवलेला नाही. 10 बाय 5 फूट पुरेल, सामान 600 किलोपर्यंत.

भाड्याचा टेम्पो करून पाहिला. जत्रेच्या रात्री मिळता मिळत नाही, नि सामान ठेवायचं कुठे हा प्रश्न तसाच. एक लोखंडी पत्र्याचा ट्रेलर पाहिला. नवाकोरा, पण दाराच्या बिजागरीखाली आत्ताच गंज, तळाला साधं प्लाय, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय नव्हे. आपल्या दमट हवेत तो किती टिकणार? अ‍ॅल्युमिनियम महाग, पण जमवू. पडद्यांना बुरशी लागू नये म्हणून छताला व्हेंट पुरतो का?

आणि मुख्य म्हणजे, गोव्यात कुणी खासगी गाडीमागचा ट्रेलर आरटीओत नोंदवलाय का? कागद काय काय लागले?