ट्राव्हियाता: झुंबरं हवीत की नुसतं घड्याळ?

तंबोरा: व्हेर्दीच्या 'ला ट्राव्हियाता' या ऑपेराचं दिग्दर्शक व्हिली डेकरने बसवलेलं रूप पहिल्यांदा ऑस्ट्रियात साल्झबुर्गला झालं, २००५ साली. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने, म्हणजे मेटने घेतलं. तिथे २०१७ मध्ये ते गायिका सोन्या योन्चेवाला नायिका व्हायोलेटा म्हणून घेऊन पुन्हा लागलं, त्याचं चित्रीकरण काल परत पाहिलं. पांढरी अर्धगोल भिंत, भलंमोठं घड्याळ, नायिकेचा लाल आखूड झगा. बास. मला तर व्हेर्दी यात जास्त स्वच्छ ऐकू येतो.

जुनाखोड: स्वच्छ? दवाखान्यासारखं दिसतं हो ते! आल्फ्रेडोचा बाप त्याच्या प्रेयसीकडे, पॅरिसच्या गणिका व्हायोलेटाकडे का येतो? तिने आल्फ्रेडोला सोडावं, आपल्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून. सगळी शोकांतिका 'लोक काय म्हणतील'वर उभी आणि ते पॅरिसच गायब.

तंबोरा: लोक आहेत की! कोरसमधल्या, म्हणजे समूहगायकांतल्या बायकासुद्धा काळ्या सुटात, अख्खा घोळका तिच्या अंगावर येतो. आणि मखमल म्हणजे परंपरा हे कुणी सांगितलं? १८५३ ला व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तेव्हा व्हेर्दीला स्वतःच्या काळातलेच कपडे हवे होते. वरून हुकूम आला, म्हणून गोष्ट १७०० च्या सुमारास ढकलली.

जुनाखोड: मान्य. पण त्याला आजचं पॅरिस हवं होतं, कोरी भिंत नव्हे. 'एकच प्याला'त बालगंधर्वांचं ठिगळाचं लुगडं का झोंबलं? लोकांनी आधी त्यांचे शालू पाहिले होते. ट्राव्हियाताच्या दुसऱ्या अंकात आल्फ्रेडोला कळतं की व्हायोलेटा घोडे, गाड्या विकून संसार चालवतेय. इथे विकायला आहे काय? फुलाफुलांची सोफ्याची कव्हरं?

पिटातला: दोघांनाही नमस्कार. माझी तक्रार क्षयाने आजारी व्हायोलेटाच्या डॉक्टरबद्दल. पडदा उघडल्यापासून तो घड्याळापाशी मृत्यू होऊन बसलेला. मग शेवटच्या अंकात तो तिची मोलकरीण आन्निनाला हळूच सांगतो, आता काही तासच उरलेत, तेव्हा आम्ही दचकायचं कशाला?

तंबोरा: व्हायोलेटाला पहिल्यापासून माहीतच असतं ना, खोकला तर पहिल्या अंकातच आहे. जुनाखोड, शेवटी खिडकीबाहेर कार्निव्हलचा कोरस असतो, आठवतो? डेकर ती गर्दी थेट आत आणतो. सोबत नवीनच बाई, अंगावर तोच लाल झगा. विकायला काय आहे म्हणालात ना?

जुनाखोड: हं. ते जमलंय. तरी झुंबर एक तरी ठेवायला हवं होतं.

पिटातला: आणि डॉक्टरला विंगेत पाठवा.