आधी रक्त द्या, मग सुई घ्या

(घरच्या ग्रुपवरून)

मामी आर्वी: कोणी जागं आहे का? तुमच्या मामाजींचं विचाराचं होतं. दोन-तीन महिने झाले, पायाले मुंग्या येऊन राह्यल्या. आता त चप्पल पायातून निसटून जाते अन् त्याईले समजतच नाही. काल वावरातून आले त एकाच पायात चप्पल, दुसरी धुऱ्यावर राह्यली.

काका पुलगाव: फवारणीचं असन. यंदा कपाशीवर लय फवारे मारले त्याईनं.

दादा पुणे: मामी, शुगर किती आहे? शुगरवाल्यांना होतं असं.

मामी आर्वी: शुगर बरी आहे म्हणते डॉक्टर. वयानं होते म्हणून आम्हीबी गप होतो. मेडिकलवाला म्हणे ताकदीची सुई घेऊन टाका, लाल रंगाची, पाच घेतल्या का मोकळे. उद्या पहिली टोचून घेते म्हणते.

ताई सेवाग्राम: मामी, थांबा. उद्या सुई घेऊ देऊ नका. ती लाल सुई म्हणजे बहुतेक व्हिटॅमिन बी-१२ असणार, आणि कदाचित मामाजींना तीच लागेलही. पण एकदा टोचली की रक्तातलं बी-१२ एकदम वर जातं. मग तपासणीत भरपूर दिसतं, आणि आधी खरंच कमी होतं की पायाचं कारण दुसरंच आहे, हे शोधायची वाट बंद होते. आमच्या लॅबमध्ये असे लोक नेहमी येतात, सुया घेऊन झाल्यावर. आधी रक्त द्या. त्याच दिवशी दुपारी सुई घेतली तरी चालेल.

ताई सेवाग्राम: आणि मला सांगा, तोंड धुताना डोळे मिटले की त्यांचा झोक जातो का? जीभ कशी आहे? रोजच्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो टाका.

मामी आर्वी: हाव वं बाई, तुले कसं समजलं? न्हाणीत तोंडाले साबण लावला का भिंत धरते. रात्री लाइन गेली त अंगणातबी लटपटते. जीभ लाल झाली, एकदम गुळगुळीत. तिखट लागूच देत नाही, वरणभात तेवढा खाते.

काका पुलगाव: खर्ऱ्यानं होते तसं.

मामी आर्वी: खर्रा कुठून भाऊजी, माळ आहे त्याईच्या गळ्यात. तंबाखूले हात नाही लावत.

मामी आर्वी: [फोटो] [फोटो]

ताई सेवाग्राम: पहिली मेटफॉर्मिन, दुसरी पॅन्टोप्राझोल. किती वर्षं झाली?

मामी आर्वी: शुगरची आठेक वर्षं. पित्ताची त्याच्यानंतर लागली, रोज सकाळी.

ताई सेवाग्राम: आता नीट वाचा, लांब लिहिते. बी-१२ धान्यात, डाळीत, भाजीत नसतं. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. मामाजी माळकरी. गोठ्यात गाय आहे, पण दूध डेअरीवर जातं आणि घरी चहापुरतं उरतं, हे मी पाहिलंय. म्हणजे पोटात जातं तेच थोडं. त्यातून मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ अंगी लागणं कमी होतं. आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, ते पित्ताच्या गोळीनं दबतं. लिव्हरमध्ये काही वर्षांचा साठा असतो, म्हणून त्रास उशिरा आणि हळूहळू दिसतो. त्यालाच आपण वय म्हणत बसतो. पायातून मेंदूकडे जी खबर जाते ना, पाय कुठं पडला, चप्पल आहे की नाही, त्या नसांवरचं आवरण खराब होतं. उजेडात डोळे सांभाळून घेतात, अंधारात झोक जातो. हे जास्त दिवस राहिलं तर नसा पूर्ण भरून येत नाहीत. म्हणून माझी घाई आहे. शुगरच्या दोन्ही गोष्टी, औषध आणि आजार, इथं एकत्र आहेत, त्यामुळे अंदाजानं चालणार नाही.

ताई सेवाग्राम: पण मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका हं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

मामी आर्वी: नाही करत. हाताच्या बोटाच्या गाठी काळ्या पडल्या त्याबी त्यानंच का? मले वाटलं कापूस वेचून उन्हानं झालं.

ताई सेवाग्राम: बी-१२ कमी असलं की तसं होतं. उन्हानंही होतं. एकट्या त्यावरून काही ठरत नाही, पण डॉक्टरांना दाखवा.

मामी आर्वी: घरात नातीच्या सिकलसेलच्या फोलिकच्या गोळ्या हायेत. रक्ताच्याच त हायेत. तपासणी होईपर्यंत एकेक देऊ का?

ताई सेवाग्राम: नको मामी! ती तिची तिलाच द्या, तिची चुकवू नका. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा आत खराब होतच राहतात.

ताई सेवाग्राम: उद्या पीएचसीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, सीबीसी करा, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. बी-१२ आर्वीच्या लॅबमध्ये द्या. सोबत तीन महिन्यांची शुगर आणि थायरॉइड, कारण मुंग्या त्यांनीही येतात. उपाशी शुगरही बघायची आहे म्हणून चहा न घेता जा. फवारणीचंही डॉक्टरांना सांगा, काका म्हणतात ते सोडून द्यायचं नाही. रक्त दिलं की रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, कारण चालणं बिघडलंय.

काका पुलगाव: अंडे चालू करा म्हणा त्याईले. दवा म्हणून खाल्लं त काय होते.

ताई सेवाग्राम: काका, माळेचा विषय नको. सुई आणि गोळीनं बी-१२ मिळतं, त्यासाठी कोणी माळ उतरवायची गरज नाही. दूध-दही मात्र घरी ठेवा, सगळं डेअरीत नको. एवढी कमतरता असेल तर नुसत्या दुधानं ती आता भरणार नाही, पण पुढं कामाला येईल.

(शुक्रवार)

मामी आर्वी: रिपोर्ट आला. [फोटो]

ताई सेवाग्राम: हिमोग्लोबिन ९.८. एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, ११२. पेशी फुगल्यात, ८० ते १०० असायला पाहिजे. बी-१२ फक्त १२८, आणि २०० च्या खाली कमीच धरतात. थायरॉइड बरोबर आहे, तीन महिन्यांची शुगरही फार नाही. डॉक्टर काय म्हणाले?

मामी आर्वी: रक्त दिलं त्याच दिवशी सुई सुरू केली. एक दिवसाआड. मंग आठवड्याले, मंग महिन्याले. मामाजी म्हणते पाच झाल्या का बंद.

ताई सेवाग्राम: त्यांना फोन द्या, मी बोलते. रक्त दीड-दोन महिन्यांत सुधारेल, जिभेला त्याआधीच बरं वाटेल. पायाला महिने लागतात. मुंग्या तशाच आहेत म्हणून मध्येच सोडलं तर सगळं वाया जाईल. शुगरच्या आणि पित्ताच्या गोळ्या चालू आहेत तोवर बी-१२ही सुरूच राहील बहुतेक.

दादा पुणे: ताई, माझं मागच्या वर्षी २४० होतं. नॉर्मल ना?

ताई सेवाग्राम: काठावर आहे. २०० ते ३०० मध्ये नुसत्या आकड्यावर विसंबू नये. होमोसिस्टीन किंवा एमएमए या तपासण्या करतात, त्यावरून पेशींना खरंच पुरतं की नाही ते कळतं. काही त्रास आहे का?

दादा पुणे: थकवा. आणि हल्ली नावं आठवत नाहीत.

ताई सेवाग्राम: मग दाखव. मनानं गोळ्या सुरू करू नकोस.

काकू पुलगाव: बाई, आमच्या सुनेले पाचवा महिना लागला. लोहाच्या गोळ्या कधीपासून खाते, हिमोग्लोबिन वाढतच नाही. एमसीव्ही त नॉर्मल आहे म्हणे तिचा.

ताई सेवाग्राम: काकू, नॉर्मल एमसीव्हीनं निश्चिंत होऊ नका. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं तर आकडा मधलाच येतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तीही शाकाहारी आहे ना? पोटातल्या बाळाचा साठा आईकडूनच जातो, नंतर अंगावरच्या दुधातूनही. तिच्या डॉक्टरांना बी-१२ आणि फेरिटिनचं, म्हणजे लोहाच्या साठ्याच्या तपासणीचं, विचारा. सिकलसेलची तपासणी झाली का तिची?

काकू पुलगाव: नाही झाली. मंगळवारी नेतो. आर्वीले का वर्ध्याले?

ताई सेवाग्राम: वर्ध्याला आणा. फाइल आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, सकाळी मी तिथंच असते.